सोबतीचा दाखला

कोणतीही बाई स्वतःसाठी दवाखान्यात जात नाही. आरोग्यशास्त्राचा हा पाया आहे, आणि ज्यांना तो ठाऊक नाही असे लोक दरवर्षी ऑक्टोबरात आमच्या गावाला गाडी पाठवतात.

गाडी मोठी आहे, पांढरी आहे. आत स्तनांची चित्रं काढणारं यंत्र आहे आणि तपासणी फुकट आहे. (फुकट असल्यामुळे तिच्यात काहीतरी खोट असणार, हे पहिल्याच वर्षी ठरलं होतं.) गाडी चौकात, रविवारी बँड वाजतो त्या गोल कट्ट्याशेजारी, दोन दिवस उभी राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दार बंद करते आणि पुढच्या गावाला निघून जाते. मग वर्षभर कुणी तिचं नाव काढत नाही.

आमच्या सान होआकीन एल सेको गावात चाळीस ते सत्तर वयाच्या दोनशे बारा बायका आहेत. आकडा पक्का आहे, कारण महिला मंडळाची चिटणीस मीच आहे आणि बाई वयाबद्दल खोटं बोलली तर मला कळतं.

पहिल्या वर्षी गाडीपाशी त्रेपन्न बायका आल्या. तपासण्या झाल्या शून्य. कारण त्रेपन्नही जणी सोबतीला आल्या होत्या. तिबुर्सिया ओतिलियाच्या सोबतीला आली होती, ओतिलिया आपल्या जावेच्या, आणि जाऊ तिबुर्सियाच्या. प्रत्येकीने दुसरीला पुढे केलं. "आधी तुम्ही." "छे छे, आधी तुम्ही." हे दोन दिवस इतक्या सभ्यपणे चाललं की गाडीवरच्या माणसाने आपल्या अहवालात 'महिलांचा प्रतिसाद उत्स्फूर्त' असं लिहिलं. ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी एकसष्ट आल्या, तिसऱ्या वर्षी सत्तर. तपासण्यांचा आकडा मात्र स्थिर राहिला.

बाहेरच्या लोकांना यात विसंगती दिसते. नीट विचार केला तर दिसू नये. स्वतःसाठी गाडीत चढणाऱ्या बाईबद्दल गावाला तीनच गोष्टी वाटू शकतात. एक, तिला 'ते' झालंय. (त्या आजाराचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. 'ते' म्हणतात, आणि म्हणताना दाराकडे बघतात.) दोन, तिला घरी काम नाही. तीन, ती स्वतःचा विचार करते. यांपैकी पहिल्यातून बाई वाचू शकते.

उलट सोबतीला जाणं हे पुण्याचं काम. सोबतीला निघालेल्या बाईला नवरा अडवत नाही, सासू टोकत नाही, आणि चुलीवरचा रस्सा तिच्यावाचून नीट शिजतो. (स्वतःसाठी निघालेल्या बाईचा करपतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.)

शिवाय मुख्य गोष्ट म्हणजे आमच्या गावात 'ते' नाहीच. गेल्या वीस वर्षांत गावातल्या छत्तीस बायका म्हातारपणाआधी गेल्या. कारणं मंडळाच्या वहीत आहेत. धसका: सात. गिळलेला राग: नऊ (यात माझी धाकटी बहीण रेफुहियो). अवेळी लागलेला थंड वारा: पाच. छातीला बसलेला मुका मार: चार (दोघींना गाय, एकीला शिडी, एकीला नवऱ्याचं कोपर, पण ते झोपेत लागलं होतं). देवाची इच्छा: अकरा. 'ते': एकही नाही. शेजारच्या लास कानोआसमध्ये बायका आपणहून तपासून घेऊ लागल्या आणि पुढच्याच वर्षी तिथे 'ते' झालेल्या सहा जणी निघाल्या. आजार कोण घेऊन येतं, हे यावरून कुणालाही कळावं.

असं सगळं व्यवस्थित चाललं असताना फिदेन्सियाला गाठ आली.

फिदेन्सिया माझी कोमाद्रे. तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं, त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे झालो. त्याआधी आम्ही अगं-तुगं करायचो, ओढ्यावर एकमेकींचे केस ओढायचो. त्यानंतर एकतीस वर्षं अहो-जाहो. नातं जवळचं झालं की आमच्याकडे बोलणं जरा लांबून करतात. ती तामाल करून विकते. मक्याचं पीठ चरबीत फेटून, मक्याच्याच पानांत गुंडाळून वाफवायचं, एवढंच ते काम, पण तिच्या हातचे तामाल खायला लोक दोन गावं ओलांडून येतात.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात पानं भिजवत बसले होते.

"कोमाद्रे, जरा हात द्या," ती म्हणाली.

मला वाटलं पातेलं उतरवायचंय. तिने माझा हात धरला आणि पोलक्याच्या आत, डाव्या बाजूला ठेवला.

"काय लागतंय?"

"हरभरा," मी म्हणाले.

"हां. मलाही हरभराच वाटला. म्हटलं आपल्यालाच भास होतोय."

"कधीपासून आहे?"

"गाईने ढुशी दिली तेव्हापासून."

"गाय तुम्ही चार वर्षांपूर्वी विकलीत, कोमाद्रे."

"मग ती चार वर्षांपूर्वीची ढुशी असेल. मुका मार उशिरा वर येतो." आणि तिने पीठ फेटायला घेतलं.

उपचार लगेच सुरू झाले. पहिला उपचार, तिकडे लक्ष न देणं. दुसरा, जंगली फुलांच्या मलमाचा लेप. तिसरा, तव्यावरून उतरलेली मक्याची गरम तोर्तिया रोज रात्री बांधणं. चौथा, सांता आगेदा. बायकांच्या छातीचं खातं या संतीणबाईंकडे आहे. देवळाच्या दारात पत्र्याचे छोटे स्तन मिळतात, ते तिच्या मूर्तीच्या झग्याला टाचायचे. ते जोडीनेच मिळतात. फिदेन्सियाने एक तोडून वाहिला आणि दुसरा परत केला, कारण उजव्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

जूनच्या जत्रेपर्यंत हरभऱ्याचं बोर झालं. सप्टेंबरात अक्रोड. ऑक्टोबरात लिंबू. वाढ चांगली होती.

हे कुणाला सांगायचं नाही, याची यादी फिदेन्सियाने स्वतः केली. नवऱ्याला, म्हणजे एलिहियोला, नाही, कारण त्याचं काळीज नाजूक. (तो आठवड्याला दोन डुकरं कापतो.) शिकागोत हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या मुलीला नाही, कारण ती धावत येईल, आणि तिच्याकडे तिकडचे कागद नाहीत, एकदा आली की तिला परत जाता येणार नाही. पाद्रीबाबांना नाही, कारण ते रविवारी सगळ्यांदेखत नाव घेऊन प्रार्थना करतील आणि सोमवारपासून तिच्या हातचे तामाल कुणी खाणार नाही. उरले मी. मी कुणाला सांगितलं नाही. गुपित राखण्यात गावात माझा हात धरणारी नाही. रेफुहियोचंही मी अकरा महिने राखलं होतं. शेवटी ते तिनेच बरोबर नेलं.

यंदा गाडीबरोबर ग्रिसेल्दा नावाची नर्स आली. ती बेराक्रूसची, म्हणजे समुद्रकाठची. तिकडची माणसं समोरचा पलीकडच्या किनाऱ्यावर उभा असल्यासारखी बोलतात. पहिल्या दिवशी सकाळी तिने टेबल मांडलं आणि वही उघडली.

"नाव, माझे राणी?"

"तिबुर्सिया. पण माझं लिहू नका, मी हिच्यासाठी आलेय."

"ही कोण?"

"ओतिलिया. आणि मी हिच्यासाठी आलेय."

"मग तुमच्यात आजारी कोण आहे?"

"देव न करो!" अख्खी रांग एका आवाजात म्हणाली, आणि अर्ध्या बायकांनी छातीवर क्रूस काढला.

दुपारी बारापर्यंत पासष्ट बायका हजर होत्या आणि यंत्र थंड होतं. फिदेन्सिया गाडीपासून तीस पावलांवर वाफेचं पातेलं मांडून बसली होती. रांगेतल्या सोबतिणींना भूक लागते, त्यामुळे तिचा धंदा जोरात होता. पातेल्यातून तामाल काढताना ती डावा हात वापरत नव्हती. ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

ग्रिसेल्दाने पायरीवर बसून दोन तामाल खाल्ले आणि मला मानाने 'दोन्या', म्हणजे बाईसाहेब, अशी हाक मारली.

"दोन्या पिफा, कोण कुणासाठी आलंय ते मला लिहून द्या बघू."

मी लिहून दिलं. तिने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली.

"म्हणजे गावात सगळ्या धडधाकट. आणि सगळ्या सोबतीला."

"होय. आमचं गाव माणुसकीचं आहे."

"दिसतंय. मग राणी, एवढी जोखमीची सोबत अशी कुणालाही कशी करू द्यायची? त्याला काही नियम नको?"

मला हे एकदम पटलं. नियम नाहीत ही आमच्या गावाची जुनी अडचण आहे. आम्ही दोघींनी मिळून सूचना तयार केली. ती मी गाडीच्या दाराला चिकटवली आणि मोठ्याने वाचून दाखवली:

'एक. रुग्ण बाईबरोबर येणाऱ्या बाईकडे सोबतीचा दाखला असणे बंधनकारक आहे. दोन. सदर दाखला गाडीतच मिळेल. अर्जदार बाई सोबत करण्यास शरीराने योग्य आहे किंवा कसे, हे यंत्रावर पाहिले जाईल. तीन. ही तपासणी अर्जदार बाईच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी नाही. चार. तात्पुरता दाखला लगेच, कायमचा सहा आठवड्यांनी पाकिटातून.'

तिसरं कलम माझं. ग्रिसेल्दाकडे शिक्का नव्हता, म्हणून मंडळाचा मारला.

बायकांनी सूचना ऐकली. मग तिबुर्सिया म्हणाली, "म्हणजे हे माझ्यासाठी नाही?"

"मुळीच नाही," ग्रिसेल्दा म्हणाली.

"ओतिलियासाठी?"

"सर्वस्वी."

तिबुर्सिया गाडीत चढली. दहा मिनिटांनी कागद हातात घेऊन उतरली आणि म्हणाली, "यंत्र दाबतं जरा. पण मैत्रिणीसाठी एवढं सोसायला हवं." यानंतर रांगेत धक्काबुक्की झाली. संध्याकाळपर्यंत एकोणीस दाखले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या गिरणीवर दाखला नसलेल्या बाईशेजारी कुणी उभं राहीना. एका नवऱ्याने बायकोला स्वतः आणून सोडलं आणि आपल्या घरातली बाई नापास होणार नाही, अशी शेजाऱ्याशी पैज लावली. एका सासूने, वय अठ्ठ्याहत्तर, आपल्याला वयामुळे डावलल्याची लेखी तक्रार केली. तीन वाजेपर्यंत सत्तावन्न दाखले झाले. मंडळाच्या इतिहासात इतकं यशस्वी काम झालेलं नाही.

फिदेन्सिया मात्र पातेल्यापाशीच होती. सूचना तिने मला दोनदा वाचायला लावली होती.

"तिसरं कलम छान जमलंय, कोमाद्रे," ती म्हणाली होती. "खोटं आहे असं वाटतच नाही."

"मग चला की. दाखला घेऊन टाका."

"मला कुणाची सोबत करायची नाही. मला तामाल विकायचेत."

हुशार बाईला नियमांचा उपयोग होत नाही, तो असा.

सव्वातीनला ग्रिसेल्दा वायरी गुंडाळू लागली. मी तीस पावलं चालून गेले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं. पातेल्यात सहाच तामाल उरले होते.

"कोमाद्रे," मी म्हणाले, "मला गाठ आहे."

तिच्या हातातलं झाकण खाली पडलं.

"कुठे?"

याचा मी विचार केला नव्हता. "उजवीकडे."

"कधीपासून?"

"मे."

"मे!" तिने कमरेवर हात ठेवले. "मे, जून, जुलै, ऑगस्ट... आणि तोंड शिवून बसलात? माझ्यासमोर बसून रोज कॉफी पिता आणि एक शब्द नाही? अहो, कोंबडी अंड्यावर बसते तशा गाठीवर बसून राहिलात? काय फुटून बाहेर येणार होतं त्यातून?"

"मला वाटलं मुका मार असेल."

"कसला मुका मार! मुक्या माराने लिंबू होतं का कधी? आणि सांगितलं का नाही कुणाला?"

"उगाच सगळ्यांना घोर."

"घोर! मेल्यावर काय लोक नाचणार आहेत? तुमची रेफुहियो कशाने गेली? रागाने? राग असा हाताला लागतो का, चाचपून बघता येतो का? 'त्या'ने गेली ती, कोमाद्रे! कॅन्सरने गेली! सगळ्या गावाला ठाऊक आहे!"

बायका सवयीने दाराकडे बघू लागल्या, पण चौकाला दार नाही. हा शब्द आमच्या चौकात मोठ्याने कुणी उच्चारल्याची वहीत नोंद नाही.

फिदेन्सियाने एप्रन सोडला, पातेलं तिबुर्सियाकडे सरकवलं ("विकू नका, खाऊ नका, नुसतं बघत बसा"), माझं मनगट धरलं आणि मला ओढत गाडीपाशी नेलं.

"बाई, हिला आधी घ्या. हिला मेपासून आहे आणि हिला अक्कल नाही."

ग्रिसेल्दाने माझ्याकडे पाहिलं. मी फिदेन्सियाकडे पाहिलं. समुद्रकाठची माणसं मोठ्याने बोलतात, पण त्यांना कळतं हळू आवाजातलंही.

"घेते. पण सोबतीण तुम्ही ना? दाखला?"

"द्या की मग, चटकन! उगाच वेळ घालवू नका, ही पळून जाईल."

आणि ती चढली.

आत तिला वीस मिनिटं लागली. बाकीच्यांना दहा लागली होती. ती पोलक्याची बटणं लावत उतरली तेव्हा चेहरा ओल्या पिठासारखा झाला होता. तिच्यामागून ग्रिसेल्दा आली. ती आता कुणाला राणी म्हणत नव्हती.

"दोन्या फिदेन्सिया, तुमचं पाकीट सहा आठवडे थांबणार नाही. सोमवारी सकाळी राजधानीच्या इस्पितळात. फोन मी करते, आत्ताच."

"हो, हो, ते बघू," फिदेन्सिया म्हणाली. "आधी हिला आत घ्या."

"मला काही नाही, कोमाद्रे," मी म्हणाले.

"काय नाही?"

"गाठ. नाही मला. कधीच नव्हती."

मग एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिची जीभ ओढ्यावर परत गेली.

"पिफा, भवाने," ती म्हणाली, "तू मेलीस ना, तर मी तुझ्या मयताला येणार नाही. दारासमोरून तामाल विकत जाईन." आणि पायरीवर बसली. मग म्हणाली, "सोमवारी मी एकटी नाही जाणार हं."

"एकटी कशाला? मी आहे ना."

चाराला दहा मिनिटं होती. ग्रिसेल्दाने दार धरून ठेवलं होतं.

"दोन्या पिफा, चढा. एकीला वेळ आहे."

"मला काही नाही, असं आत्ताच सांगितलं ना."

"काही नसलेल्यांसाठीच आहे ही गाडी. आणि तुमची बहीण..."

"माझी बहीण रागाने गेली," मी म्हणाले.

हे उत्तर तोंडातून इतक्या सहज आलं की मला बदलता येईना. शिवाय वहीतली बेरीज राहिली होती, फिदेन्सियाला घरी पोचवायचं होतं, आणि तिबुर्सिया पातेल्याकडे नुसतं बघत नव्हती, हे मला तिथून दिसत होतं. चार वाजले. गाडी गेली.

सोमवारी एका पिकअपमध्ये आम्ही पंधरा जणी राजधानीला गेलो. एक रुग्ण, चौदा दाखलेवाल्या. (तेरा. माझ्याकडे दाखला नव्हता, पण मला कुणी विचारलं नाही.) नोव्हेंबरात फिदेन्सियाची डावी बाजू काढली. डॉक्टर म्हणाले, आणखी एक वर्ष थांबली असती तर त्यांनी सुरी हातात घेतली नसती. एलिहियो इस्पितळाच्या जिन्यात असा रडला की त्यालाच खाट द्यावी लागली. फेब्रुवारीत ती पुन्हा पातेलं मांडून बसली. केस गेले आहेत, रुमाल बांधते, तामाल तसेच होतात. सहा आठवड्यांनी आलेल्या पाकिटांत आणखी दोघी निघाल्या. त्यांची अगदीच बारीक होती. अशा रीतीने आमच्या गावात 'ते' अधिकृतपणे सुरू झालं, आणि वहीत नवीन रकाना आखावा लागला.

दाखल्यांच्या यादीत अठ्ठावन्न नावं आहेत, सगळी माझ्या अक्षरात. यादी करणारीचं नाव यादीत घालायची पद्धत नाही. फिदेन्सिया भेटली की पहिलं तेच विचारते. मी म्हणते, ऑक्टोबर येऊ दे.

तुम्ही इथपर्यंत वाचलंत, मधूनमधून हसलातही, त्याबद्दल मंडळ आभारी आहे. आमच्या बायका तुम्हाला भोळ्या वाटल्या असतील. वाचता वाचता तुम्हाला कुणीतरी आठवली असेल. आई, नणंद, शेजारची एखादी, जी कधीची टाळतेय. हे तिला वाचायला द्यावं, असंही मनात आलं असेल. (पुरुष वाचकांना बायको आठवली असेल. त्यांचा स्वतःचा जो कागद डॉक्टरांनी लिहून दिला होता, तो अजून खिशात आहे.) विचार चांगला आहे. तिचं नाव सांगा, लिहून घेते.

आणि तुमचं? नाही ना? वाटलंच. तुम्ही तिच्यासाठी आलात.

बसा. रांग मोठी आहे, ओळखीचं माणूस निघेल.